सोलापूरचे ऊन, मागाची धूळ आणि नवे ग्राफिक्स कार्ड : कोणत्या कंपनीचे घ्यावे?

टॉवेलवाला_पूर्वभाग (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. आमच्या घराच्या तळमजल्यावर वडिलांचे टॉवेलचे यंत्रमाग चालतात आणि वरच्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड आहे. गेली दोन वर्षे पैसे साठवून या दिवाळीला नवा संगणक जुळवून घ्यायचे ठरवले आहे. बाकीचे सुटे भाग बहुतेक नक्की झाले आहेत : रायझन ५ ७६०० प्रोसेसर, त्याला चालणारा बी६५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम आणि १ टीबीचा एसएसडी. ग्राफिक्स कार्डासाठी ४० हजार रुपये वेगळे ठेवले आहेत. गाडी अडली आहे ती कार्डाच्या कंपनीपाशी.

एका दुकानात सांगितले की एनव्हिडियाशिवाय दुसरे काही घेऊच नका. दुसऱ्या दुकानात सांगितले की त्याच पैशांत एएमडीचे कार्ड जास्त मेमरीचे मिळते, तेव्हा तेच घ्या. एनव्हिडिया घ्यायचे म्हटले तर पुढे असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक अशी नावे येतात आणि एकाच क्रमांकाच्या कार्डाच्या किमतीत चार-पाच हजारांचा फरक पडतो. हा फरक कशाचा आहे, हे मला कोणी नीट समजावून सांगितले नाही.

माझा वापर असा आहे. संध्याकाळी मित्रांबरोबर व्हॅलोरंट, सुट्टीच्या दिवशी सायबरपंक २०७७ सारखे मोठे खेळ. त्याखेरीज मी ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रे बनवण्याचे सॉफ्टवेअर शिकतो आहे. आमच्या टॉवेलची आणि काकांच्या जॅकार्ड चादरीची नक्षी प्रत्यक्ष विणण्यापूर्वी पलंगावर, खुर्चीवर कशी दिसेल, हे व्यापाऱ्याला संगणकावर दाखवता यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सध्याचा मॉनिटर १९२० बाय १०८० चा आहे आणि याच खरेदीत २५६० बाय १४४० चा घेण्याचा विचार आहे.

कंपनीच्या बाबतीत मी इतका चाचपडतो आहे, त्याला कारण आहे. माझे आधीचे कार्ड दोन उन्हाळ्यांत बंद पडले. वॉरंटीची मुदत शिल्लक असूनही ‘कार्डाला गंज लागला आहे’ असा शेरा मारून ते दुरुस्त न करता परत पाठवण्यात आले. त्या कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही. पण ज्या पैशांनी वडिलांनी मागाचे सुटे भाग घेतले असते, ते पैसे त्यांनी मला दिले होते, आणि ती गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही. या वेळी चूक होऊ नये, एवढेच मागणे आहे.

---

जुळणीकार_नवीपेठ

आपल्या प्रश्नात दोन वेगळे धागे एकमेकांत गुंतले आहेत. ते आधी सुटे करून घेऊ. पहिला धागा म्हणजे चिप कोणाची, आणि दुसरा म्हणजे त्या चिपभोवती कार्ड कोणी बांधले.

चिप बनवून घेणाऱ्या मोठ्या कंपन्या आज तीनच आहेत : एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल. तिघींची मुख्य कार्यालये कॅलिफोर्नियातल्या सँता क्लारा या एकाच गावात आहेत, आणि आपण ज्या कार्डांचा विचार करत आहात त्या आरटीएक्स ५०, आरएक्स ९००० आणि आर्क बी या तिन्ही मालिकांच्या चिप प्रत्यक्षात तैवानच्या टीएसएमसी याच कंपनीकडे तयार होतात. म्हणजे चिप पक्की की कच्ची असा भेद येथे फारसा उरत नाही. फरक आहे तो आराखड्यात, मेमरीत, ड्रायव्हरमध्ये आणि सोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याविषयी माझ्यापेक्षा ब्लेंडरवर रोज काम करणाऱ्या माणसाने सांगणे योग्य, म्हणून मी दुसऱ्या धाग्याकडे वळतो, कारण माझे हात त्यात रोज असतात.

असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, इनो थ्रीडी या कंपन्या चिप विकत घेतात आणि तिच्याभोवती सर्किटची पट्टी, वीजपुरवठ्याचे भाग, उष्णता वाहून नेणारा हीटसिंक आणि पंखे बसवतात. सफायर, पॉवरकलर आणि एक्सएफएक्स हे काम एएमडीच्या चिपसाठी करतात. यातली काही नावे तर एकाच घरातली आहेत. झोटॅक आणि इनो थ्रीडी या दोन्ही पीसी पार्टनर या एकाच समूहाच्या आहेत. एकाच क्रमांकाच्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग कार्डाच्या वेगात साधारणपणे शेकडा दोन-चार इतकाच फरक पडतो, आणि खेळताना तो डोळ्यांना जाणवत नाही. मग चार-पाच हजार जातात कुठे? काही भाग चांगल्या हीटसिंकमध्ये जातो, तो खर्च सार्थ आहे. काही भाग रंगीत दिव्यांत, तिसऱ्या पंख्यात आणि ‘ओसी’ (म्हणजे कारखान्यातच थोडा वाढवलेला वेग) या दोन अक्षरांत जातो, तो आपल्याला नको. त्यामुळे ‘असुस चांगली की गिगाबाइट चांगली’ असे विचारण्यापेक्षा त्या कंपनीची कोणती श्रेणी, हे विचारावे. असुसमध्ये ड्युअल ही साधी आणि टफ ही भारी श्रेणी आहे, गिगाबाइटमध्ये विंडफोर्स आणि ऑरस, एमएसआयमध्ये व्हेंटस आणि गेमिंग, सफायरमध्ये पल्स आणि नायट्रो. एकाच कंपनीच्या दोन श्रेणींत जेवढे अंतर असते, तेवढे पुष्कळदा दोन कंपन्यांच्या साध्या श्रेणींत नसते.

आता आपल्या घराविषयी, कारण माझ्या मते आपली निवड तिथे ठरते.

समीक्षक कार्डाचे तापमान मोजतात तेव्हा त्यांची खोली साधारण २१ ते २५ अंशांवर असते. हीटसिंक कधीही खोलीपेक्षा गार होत नाही. तो खोलीच्या तापमानावर ठरावीक अंश चढतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात आणि स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर दुपारी ३८ सहज भरतात. समीक्षेत ६८ अंश दिसलेले कार्ड अशा खोलीत पंखे त्याच वेगाने फिरले तर ८४ च्या आसपास जाते. कार्ड जळत नाही, ते स्वतःला वाचवण्यासाठी आधी पंखे जोरात फिरवते आणि तेही पुरेनासे झाले की वेग कमी करते. म्हणून सोलापुरात कमी वॅटचे कार्ड आणि त्यावर जाड हीटसिंक ही जोडी मी नेहमी सुचवतो.

धुळीचे मात्र याहून वेगळे आहे. अक्कलकोट रोडकडच्या एका घरातला संगणक मी मागच्या वर्षी उघडला होता. खाली माग, वर घर, अगदी आपल्यासारखेच. पंख्यांचे आवरण काढले तेव्हा हीटसिंकची पाती दिसतच नव्हती. त्यांवर सुताच्या तंतूंचा एकसंध करडा थर बसला होता. चिमट्याने एक कोपरा धरून ओढला तर टॉवेलचा तुकडा उचलावा तसा तो थर अखंड हातात आला, आणि त्याच्या आतल्या बाजूला पात्यांच्या रेषा उमटलेल्या होत्या. साफसफाईपूर्वी ते कार्ड खेळात ८७ अंशांवर होते. नंतर ७१ वर आले. कार्डाची कंपनी तीच, चिप तीच.

आपल्या कार्डाला लागलेल्या गंजाचे कारणही मला यातच दिसते. मागावर सूत तुटू नये म्हणून आपल्याकडे मागाच्या खोलीत पाणी मारून ओलावा ठेवतात. कापसाचे तंतू तो ओलावा धरून ठेवतात. असा ओला थर महिनोन्महिने सर्किटच्या पट्टीवर आणि लोखंडी कडांवर बसून राहिला तर सोलापूरच्या कोरड्या हवेतही गंज धरतो. आपल्या मागच्या कार्डाच्या बाबतीत नेमके काय झाले, हे पाहिल्याशिवाय मी ठामपणे म्हणणार नाही. पण नवे कार्ड कोणत्याही कंपनीचे घेतले तरी पुढील गोष्टी केल्याच पाहिजेत. कॅबिनेट असे घ्यावे की ज्याच्या पुढच्या आणि खालच्या बाजूला काढता येणारी बारीक जाळी आहे. हवा आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवावेत, म्हणजे फटींतून धूळ आत न येता हवा बाहेर जात राहते. संगणक जमिनीवर न ठेवता टेबलावर, जिन्याच्या दारापासून दूर ठेवावा. जाळी दर आठवड्याला झटकावी आणि तीन महिन्यांतून एकदा ब्लोअरने कार्ड साफ करावे. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवणे फार महत्त्वाचे आहे; मोकळा सोडला तर तो भलत्याच वेगाने फिरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होते.

राहिली वॉरंटी. भारतात बहुतेक कार्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते आणि काही कंपन्या खरेदीनंतर ठरावीक दिवसांत संकेतस्थळावर नोंदणी केल्यास ती वाढवून देतात. घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच गोष्ट विचारा : ‘कार्ड बिघडले तर ते पाठवायचे कोणी, तुम्ही की मी?’ जो दुकानदार स्वतः पाठवतो आणि तसे बिलावर लिहून देतो, त्याच्याकडे पाचशे रुपये जास्त मोजावेत. जीएसटीचे पक्के बिल घ्या, खोक्यावरचा सिरीयल क्रमांक कार्डावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते दुकानातच पाहा, आणि खोके उघडताना कार्डाच्या दोन्ही बाजूंचे आणि कडांचे फोटो काढून ठेवा. पुढे कोणी गंजाचा शेरा मारला तर कार्ड कोणत्या स्थितीत हातात आले होते, याचा पुरावा आपल्याकडे राहील.

---

त्रिमिती_सातरस्ता

मी ब्लेंडरवर रोज आठ-दहा तास काम करतो, म्हणून पहिल्या धाग्याविषयी लिहितो.

खेळांपुरते पाहिले तर आपल्या रकमेच्या आसपास दोन कार्डे विचारात घेण्यासारखी आहेत. एक एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी आणि दुसरे एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय. दोन्ही २०२५ मध्ये आली आणि दोन्ही ८ जीबी व १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात. नाव तेच असल्यामुळे दुकानात गफलत होते, तेव्हा खोक्यावरचा १६ हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावा. ८ जीबीचे कार्ड आज आपण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९२० बाय १०८० मध्ये सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात आणि २५६० बाय १४४० मध्ये ३६ लाख ८६ हजार, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. मोठ्या पडद्यावर मोठ्या खेळाची चित्रे ८ जीबीत मावत नाहीत, तेव्हा ती रॅममधून ये-जा करू लागतात आणि खेळ धक्के देत चालतो. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची (फ्रेमची) सरासरी चांगली दिसते, पण दर काही क्षणांनी चित्र अडखळते, आणि हे अडखळणे इतर कोणत्याही सेटिंगने पूर्ण जात नाही. चित्रांचा दर्जाच उतरवावा लागतो. व्हॅलोरंटला यातले काहीच लागत नाही; त्याच्यासाठी ही सगळीच कार्डे पुरून उरतील.

दोन्हींची अमेरिकेत जाहीर झालेली किंमत १६ जीबीसाठी अनुक्रमे ३४९ आणि ४२९ डॉलर होती. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी आणि मधल्या हातांचा वाटा धरला की हे अंतर सात-आठ हजारांचे होते. केवळ खेळायचे असते तर मी निःसंकोचपणे एएमडीचे कार्ड घ्या म्हटले असते. या मालिकेबरोबर आलेले एफएसआर ४ हे तंत्र कमी ठिपक्यांचे चित्र मोठे करताना आधीच्या आवृत्त्यांपेक्षा खूपच स्वच्छ काम करते. एनव्हिडियाचे अशाच कामाचे डीएलएसएस हे तंत्र अजूनही जास्त खेळांत मिळते आणि थोडे पुढे आहे, पण सात-आठ हजार मोजण्याइतके ते पुढे आहे असे मला वाटत नाही. जाहिरातीत दाखवतात ते फ्रेम जनरेशनचे दुप्पट-चौपट आकडे हिशेबात धरू नका. त्या मधल्या फ्रेम तयार केलेल्या असतात; चित्र गुळगुळीत दिसते, परंतु माउस हलवल्यापासून पडद्यावर उमटेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही.

मात्र आपण ब्लेंडरचा उल्लेख केला आहे आणि तो सहज केलेला नाही, हे वाचताना जाणवले. तिथे पारडे फिरते. ब्लेंडरचे सायकल्स हे अंतिम प्रतिमा तयार करणारे इंजिन एनव्हिडियाच्या कार्डावर ऑप्टिक्स या मार्गाने चालते आणि किरणांचा हिशेब करणारे कार्डातले खास भाग पुरेपूर वापरते. एएमडीसाठीचा एचआयपी हा मार्ग ब्लेंडर ३.० पासून, म्हणजे २०२१ च्या डिसेंबरपासून आहे. तो चालतो, सुधारतही आहे, पण त्याच किमतीच्या कार्डांत एनव्हिडियाचे कार्ड प्रतिमा लक्षणीयरीत्या लवकर पूर्ण करते. टॉवेलचे काम तर याबाबतीत फार कठीण असते. टेरी टॉवेलवरची प्रत्येक उभी दोऱ्याची कडी खरी दिसायची असेल तर लाखो केस उभे करावे लागतात. मी एकदा एका खुर्चीवर टाकलेला एकच पांढरा टॉवेल करून पाहिला होता. घडीच्या आतल्या सावलीत कड्या एकमेकींवर कशा पडतात ते नीट येईपर्यंत ती एक प्रतिमा मी तीस-चाळीस वेळा तयार केली. प्रत्येक वेळी चार मिनिटे लागणे आणि दोन मिनिटे लागणे यातला फरक दिवसाच्या शेवटी माणसाच्या उत्साहावर पडतो. असा सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही की काम एकदम मंदावते, म्हणून येथेही १६ जीबीच हवेत.

जॅकार्डची नक्षी काढण्याचे काम स्वतः कार्डावर भार टाकत नाही, त्यासाठी वेगळा विचार करू नका.

ड्रायव्हरविषयी एक गोष्ट सांगतो, कारण ‘एएमडीचे ड्रायव्हर वाईट’ हे वाक्य आपल्याला दर दुकानात ऐकायला मिळेल. ते आता तसेच्या तसे खरे नाही. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेवर पडदा काळा पडण्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि एनव्हिडियाला त्यासाठी एकापाठोपाठ सुधारित ड्रायव्हर द्यावे लागले होते. दोन्हीकडे चुका होतात. नवा ड्रायव्हर आला की त्याच दिवशी बसवू नये, आठवडाभर थांबावे.

---

मुळेगावरोड_गेमर

मी इंटेलच्या आर्क बी५८० या कार्डावर सहा महिने खेळतो आहे, त्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. १२ जीबी मेमरी, १९० वॅट, आणि वरच्या दोन्हींपेक्षा कमी किंमत. नव्या खेळांत मी समाधानी आहे. मात्र त्यासाठी मदरबोर्डच्या बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) सुरू असणे आवश्यक आहे आणि प्रोसेसर जुना असेल तर या कार्डाचा वेग बराच पडतो. आपला प्रोसेसर नवा आहे, त्यामुळे ती अडचण नाही. परंतु आपण धंद्याचे काम त्यावर करणार असाल तर मीही त्रिमिती यांच्याशी सहमत आहे. उरलेले पैसे चांगल्या मॉनिटरमध्ये घालायचे असतील तरच बी५८० चा विचार करावा.

---

टॉवेलवाला_पूर्वभाग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुळणीकार काका, आपले वाचून मी काल जुने कार्ड कपाटातून काढले आणि पंख्याचे आवरण उघडले. आत तसाच थर होता. वरून पुसलेले दिसत होते म्हणून मी समजत होतो की स्वच्छ आहे. गंज लोखंडी पट्टीवर आणि स्क्रूंच्या डोक्यांवर आहे. निदान दुरुस्तीला कोणी हात तरी लावायला हवा होता असे मला अजूनही वाटते, पण यातला माझा वाटा किती होता ते आता कळले.

आणखी दोन गोष्टी विचारतो. एका ओळखीच्या माणसाकडे आरटीएक्स ३०७० वापरलेले मिळत आहे, बिल नाही, पण किंमत निम्म्याहून कमी आहे. ते घ्यावे का? आणि दुसरे, सकाळी माग सुरू होतात तेव्हा वरच्या मजल्यावरचे दिवे क्षणभर मंद होतात. मल्टिमीटर लावून पाहिला तर २२८ वरून व्होल्टेज १९८ पर्यंत खाली आले. याने नव्या कार्डाला धोका आहे का?

---

जुळणीकार_नवीपेठ

३०७० ची मेमरी ८ जीबीच आहे, त्यामुळे वर जे सांगितले गेले ते त्यालाही लागू होते. शिवाय त्या पिढीची पुष्कळ कार्डे इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामात (म्हणजे चलन मिळवण्यासाठीच्या आकडेमोडीत) रात्रंदिवस चालवली गेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली, ते खाणकाम बंद झाले आणि ती कार्डे बाजारात आली. सगळीच खराब असतात असे नाही, पण बिल नाही म्हणजे ते कुठे आणि किती चालले हे कळण्याचा मार्ग नाही. आपल्या घरच्या परिस्थितीत मी ते घेऊ देणार नाही.

---

होटगीरोड_ते_पुणे

मी विद्युत अभियंता आहे. माहेर सोलापूरचे, सध्या पुण्यात नोकरी करते. मागाच्या कारखान्यांचे वीजकाम पाहिलेले असल्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते.

मागाची मोटर थेट सुरू केली की ती पहिले काही क्षण आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. एकामागून एक माग सुरू होतात, तेव्हा तारेवर ताण येतो आणि दिवे मंदावतात. १९८ पर्यंतची ही घसरण ग्राफिक्स कार्डापर्यंत पोहोचता कामा नये, कारण कार्डाला वीज थेट भिंतीतून मिळत नाही. ती संगणकाच्या पॉवर सप्लायकडून १२ व्होल्टवर मिळते. म्हणून आपल्या घरात कार्डाच्या कंपनीपेक्षा पॉवर सप्लायची निवड जास्त महत्त्वाची आहे, असे मी म्हणेन. त्याच्या बाजूला चिकटवलेला कागद वाचा. तिथे ‘१००-२४०’ असे लिहिलेले असेल तर १९८ ला तो बिचकणार नाही. ‘२००-२४०’ असे लिहिलेले असेल तर तो आपल्या घरासाठी नाही. स्वस्त पॉवर सप्लायमध्ये बहुधा हा दुसरा आकडा आढळतो.

भाराचा हिशेब असा करा. ५०६० टीआय १८० वॅट, रायझन ५ ७६०० पूर्ण भारावर ८८ वॅट, बाकीचे भाग व पंखे ५० वॅटच्या आत आणि मॉनिटर ३०-४०. म्हणजे सगळे मिळून साडेतीनशेच्या आसपास. ६५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचा दर्जा) किंवा त्यावरचा पॉवर सप्लाय घेतला तर तो निवांत चालेल आणि तापणारही कमी. संगणकाच्या दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो; ऐन खेळात वीज गेली की तो तिथेच मान टाकेल. किमान १००० व्हीएचा घ्या आणि शक्य असल्यास शुद्ध साइन वेव्हचा, कारण चांगल्या पॉवर सप्लायमधली पीएफसीची (पॉवर फॅक्टर सुधारणारी) रचना आणि साध्या यूपीएसची चौकोनी लहर यांचे काही वेळा जमत नाही आणि वीज गेल्याबरोबर संगणक बंद होतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे संगणकाचा बोर्ड मागाच्या जोडणीवर आहे की घरगुती मीटरवर, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत वरच्या मजल्याची तार पुष्कळदा खालच्या मागाच्या बोर्डावरूनच ओढलेली असते. तसे असेल तर घरगुती मीटरपासून स्वतंत्र तार ओढून घ्यावी. अर्थिंगही मोजून घ्या : न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावल्यावर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नवे कार्ड खोक्यातून बाहेर काढण्यापूर्वी अर्थिंग दुरुस्त झालेच पाहिजे.

---

त्रिमिती_सातरस्ता

ताईंनी वॅटचा विषय काढला म्हणून एक पुरवणी जोडतो. उन्हाळ्याचे तीन महिने मी माझ्या कार्डाची वीजमर्यादा आफ्टरबर्नर या मोफत साधनातून ८५ टक्क्यांवर आणून ठेवतो. वेग शेकडा चार-पाचने कमी होतो, पण तापमान पाच-सहा अंशांनी उतरते आणि पंख्यांचा घोंगावणारा आवाज थांबतो. एएमडीच्या कार्डासाठी हीच सोय त्यांच्या अॅड्रेनालिन या सॉफ्टवेअरमध्येच आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मर्यादा खाली आणायची आणि पहिला चांगला पाऊस झाला की पुन्हा वर न्यायची.

---

टॉवेलवाला_पूर्वभाग

झालेले कळवतो.

वायरमनना बोलावले होते. ताई म्हणाल्या तसेच निघाले. वरच्या मजल्याची तार मागाच्या बोर्डावरूनच गेलेली होती. वडिलांनी स्वतः उभे राहून घरगुती मीटरपासून नवी तार ओढून घेतली आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी सोडले. आता माग सुरू झाले तरी वर २२४ च्या खाली काटा येत नाही.

कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी, हे नक्की केले आहे. सात हजार जास्त जातात, म्हणून नवा मॉनिटर पुढच्या वर्षावर ढकलला. एका दुकानात तीन पंख्यांचे, दिव्यांचे कार्ड होते आणि दुसऱ्या दुकानात वेगळ्या कंपनीचे दोन पंख्यांचे साधे कार्ड होते. दुसऱ्या दुकानदाराने, बिघाड झाल्यास कार्ड पाठवण्याची आणि आणून देण्याची जबाबदारी आमची, असे बिलावर लिहून सही करून दिली. पहिल्याने ‘कंपनीच्या संकेतस्थळावर तुम्हीच नोंदवा’ असे सांगितले. मी दुसरे घेतले. हातात घेतल्यावर ते जड लागले, हीटसिंकमध्ये तांब्याच्या नळ्या दिसल्या आणि सिरीयल क्रमांक जुळला. वीज जोडायला एकच आठ पिनांचा जोड आहे. दोन्ही बाजूंचे, कडांचे आणि स्क्रूंचे मिळून अकरा फोटो काढून ठेवले आहेत.

काका, कॅबिनेट आपण म्हणालात तसेच जाळीचे घेतले आहे. जुळणीसाठी येत्या रविवारी, माग बंद असतात तेव्हा, सगळे भाग घेऊन आपल्याकडे नवी पेठेत यायचे म्हणतो. सकाळी दहाला चालेल का, तेवढे कळवावे.

---

जुळणीकार_नवीपेठ

जरूर या. दहाऐवजी नऊला आलात तर ऊन चढण्यापूर्वी काम संपेल. कार्ड खोक्यातच, त्याच्या मूळ पिशवीत आणा, आणि सोबत ते जुने कार्डही आणा. गंज फक्त पट्टीवर आणि स्क्रूंवर असेल तर मूळ दोष बाहेरच्या पंख्यांत किंवा वीजपुरवठ्याच्या एखाद्या भागात असू शकतो. मीटर लावून पाहू.